स्थळ पाहताना

नको झालेली कुत्री-मांजरं सोडून द्यायच्या आपल्याकडे ठरलेल्या जागा आहेत. मांजरांसाठी पहिला मान मासळी बाजाराचा. ‘तिथं खायला मिळतं’ असं म्हणत माणसं पिशवीचं तोंड उघडतात आणि मागे न बघता गाडी सुरू करतात. त्याखालोखाल देवळाचं आवार, कारण तिथं ‘कोणी ना कोणी बघतंच’. कुत्र्यांसाठी टेकडीचा पायथा, हायवेवरचा ढाबा आणि ‘आमच्या ओळखीच्यांचं शेत’. या शेताबद्दल मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की महाराष्ट्रात उसाच्या खालोखाल लॅब्रॅडॉरचंच पीक येत असावं. प्रत्येक जागेला अशी एकेक सबब चिकटलेली असते. जागा निवडली जाते ती सोडणाऱ्याला रात्री झोप लागावी म्हणून.

अशी टाकलेली जनावरं घरी आणायची, बरी करायची आणि त्यांच्यासाठी घर शोधायचं, हा उद्योग मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. आमच्या मंडळींत याला ‘फॉस्टर’ करणं म्हणतात. लोकांना वाटतं, यातलं अवघड काम जनावर उचलून आणण्याचं. खरं तर ते सर्वांत सोपं. गटाराच्या कडेला ओलं पिल्लू कुडकुडताना दिसलं की कोणाचाही हात पुढे होतो. पुढच्या दोन महिन्यांत काय वाढून ठेवलं आहे, हे त्या हाताला तेव्हा ठाऊक नसतं.

डोळे न उघडलेलं मांजराचं पिल्लू आणलं की पहिलं काम दूध पाजायचं, असं सगळे समजतात. तसं नाही. अंग गार लागलं तर आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि पिल्लू धगीला आलं की मगच दूध, कारण गार पडलेल्या पोटाला ते पचत नाही. दूधही गाईचं नको, त्यानं जुलाब लागतात. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते. पिल्लू पालथं धरून थेंब थेंब पाजायचं, उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि पाजून झालं की खरी कामगिरी पुढे असते. तीनेक आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला आपली आपण शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आई नसली की कोमट पाण्यात पिळलेला कापूस शेपटीखालून हलके हलके फिरवत बसावं लागतं. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, कापसावर पिवळा डाग उमटायची वाट बघणाऱ्याला ‘प्राणिप्रेम’ वगैरे शब्द आठवत नाहीत. सकाळी वाटीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. कालच्यापेक्षा दहा ग्रॅम वाढलं असेल तर दिवस बरा जातो.

कुत्र्याच्या पिल्लांना धास्ती पार्व्होची. रक्ताचे जुलाब सुरू झाले की सलाईनवर सलाईन लावूनही पिल्लू हाती लागेलच याची खात्री नसते. त्याचा विषाणू फरशीच्या सांध्यात, पायपुसण्यात महिनोन्‌महिने तग धरून राहतो, त्यामुळे त्या खोलीत लस न झालेलं दुसरं पिल्लू ठेवायची सोय उरत नाही. वाचवायची इच्छा असते, जागा नसते, आणि ‘नाही’ म्हणावं लागतं. या कामात ‘नाही’ म्हणायला शिकल्याशिवाय कोणी फार काळ टिकत नाही.

रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं घर शोधत असतं, हा मात्र गैरसमज. गल्लीत जन्मलेल्या कुत्र्याला त्याची गल्ली असते. इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालची सावली, टपरीवरचं बिस्किट, रात्रपाळीच्या वॉचमनची सोबत, असा त्याचा संसार लागलेला असतो. कानाला खाच दिसली की समजावं, नसबंदी होऊन हे परत आपल्या जागी आलेलं आहे. 2001 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या नियमांनी हेच सांगितलं: नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि उचललं तिथंच सोडा. 2025 साली सर्वोच्च न्यायालयात यावर बराच खल झाला. शाळा-रुग्णालयांच्या आवारांसाठी वेगळा आदेशही निघाला. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईची भीती खोटी नसते, ती आम्ही हसण्यावारी नेऊ नये. पण मारून प्रश्न सुटत नाही, हे मुंबईनं शंभरावर वर्षं करून पाहिलेलं आहे. 1832 साली कंपनी सरकारनं दर कुत्र्यामागे बक्षीस लावलं, तेव्हा कुत्र्यांसाठी पारशी मंडळी फोर्टात रस्त्यावर उतरली, दंगल झाली. पुढेही मारणं चालूच राहिलं, कुत्री होती तेवढीच राहिली. अखेर 1994 पासून तिथं मारण्याऐवजी नसबंदी सुरू झाली.

टाकलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. ते लांबूनही ओळखू येतं. थांबलेल्या प्रत्येक गाडीकडे ते धावतं, कारण त्याचं माणूस गाडीतून गेलेलं असतं. रस्ता ओलांडायचं त्याला माहीत नसतं, कचऱ्यातलं खायचं सुधरत नाही, आणि गल्लीतली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत. गल्लीच्या कुत्र्याला घर नसलं तरी चालतं, याचं घराशिवाय आठवडाभरही भागत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड कमीत कमी 10 रुपये आणि जास्तीत जास्त 50. पन्नास रुपयांत आज पुण्यात धड मिसळही येत नाही.

मग सुरू होतं घर शोधणं. हे अगदी स्थळं पाहण्यासारखं काम आहे, फक्त इथं रुबाब आमच्या बाजूचा असतो. फोटो फिरतात, फोन येतात, ‘बघायला’ माणसं येतात. पसंतीचे निकषही लग्नाच्या बाजारातलेच. गोरं पिल्लू आधी जातं, काळं शेवटपर्यंत राहतं. ‘ब्रीड कोणतं?’ हा गोत्र विचारल्यासारखा पहिला प्रश्न. 2003 साली मोबाइलच्या जाहिरातीत पग धावला आणि घरोघरी पग हवा झाला. मग पुण्याच्या मे महिन्यात हस्कीला धापा टाकायला लावायची टूम निघाली. अलीकडे देशी कुत्र्याला ‘इंडी’ हे नाव मिळालं आणि थोडी इभ्रत आली. रतन टाटांनी बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना खोली दिली, गोव्यात सापडलेल्या कुत्र्याचं नाव ‘गोवा’ ठेवलं. त्या फोटोंनी जे काम केलं, ते आमच्या पत्रकांना जमलं नसतं.

दुसरा प्रश्न, ‘मेल आहे ना?’ बाजारपेठेमागच्या बोळात खोक्यात टाकलेली पिल्लं बघा, त्यात माद्याच जास्त असतात. नर आधीच कोणी ना कोणी नेलेले असतात. मुलगी झाली म्हणून पेढ्याऐवजी बर्फी वाटणारा समाज आपला, तो कुत्रीपुढे येऊन एकदम कसा बदलेल? ‘फिमेल नको, उगाच कटकट’ असं म्हणणाऱ्याला मी सांगते की ऑपरेशन केलं की कटकट संपते, आणि ते आम्हीच करून देऊ. तरी तो नरच मागतो. मग मी आमचा नरही त्याला देत नाही.

माणसं पारखताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. जो येताक्षणी पिल्लू छातीशी धरतो, डोळ्यांत पाणी आणतो, आजच नेतो म्हणतो, त्याच्यापाशी जरा थांबावं. सिंहगड रस्त्यावरचं एक कुटुंब एका कुत्रीला बघायला आलं होतं. तांबूस, वर्षाची, गळ्यावर दोरीचा जुना वळ. नवरा ‘मी लहानपणापासून डॉगलव्हर’ सांगत होता, मुलगा तिच्याबरोबर फरशीवर लोळत होता, सूनबाई गप्प होत्या. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, पदर आवरून, पाय वर घेऊन बसलेल्या. निघायच्या वेळी त्याच बोलल्या. “पावसात हिला खाली कोण नेणार? गणपतीला आम्ही सगळे कोकणात जातो, तेव्हा ही कुठं राहणार? डॉक्टर महिन्याला किती घेतात?” त्यांचा मुलगा, तो डॉगलव्हर, म्हणाला, “आई, तुला कुत्री आवडत नाहीत म्हणून तू...” त्या म्हणाल्या, “आवडत नाहीतच. पण घरात आली तर तिची आबाळ झालेली मला चालणार नाही.” मी कुत्री त्या घरी दिली, ती आजींच्या भरवशावर. आजींना अजूनही कुत्री आवडत नाहीत. रेबीजच्या इंजेक्शनची तारीख मात्र दरवर्षी त्यांच्या कालनिर्णयवर लिहिलेली असते, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

उलट, परत आलेल्या जनावरांची कारणं ऐकावीत. सुनेला दिवस गेले. बदली बंगळूरला झाली. नव्या सोसायटीची माणसं चांगली नाहीत. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि कुत्रा तिचा होता. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी करमणुकीला पिल्लं आली आणि ऑफिसं उघडल्यावर त्यांतली कित्येक जड झाली. हे सांगणारे लोक दुष्ट नसतात. आपल्याच शेजारपाजारचे, सत्यनारायणाला बोलावणारे असतात. त्यांनी जनावर आणलं तेव्हा त्यांच्या मनात दया खरोखरच होती. तिला मुदत असते, एवढंच. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं, मांजर नीट सांभाळलं तर पंधरा. इतकी वर्षं दया कोणाला पुरते? पहिल्या महिन्यानंतर जनावर जगतं ते नेमावर. सकाळी कोणी उठायचं, भांडं कोणी घासायचं, गावाला गेल्यावर किल्ली कोणाकडे ठेवायची, हे ज्या घरात ठरलेलं आहे, ते घर.

आपल्याकडे नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. गोष्ट मोठी आहेच. पण कुत्र्याला दुसऱ्या दिवशीही भूक लागते, आणि तिसऱ्या दिवशीही. भूतदयेची परंपरा सांगताना आपण पहिल्याच पोळीपाशी थांबतो. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या सोसायटीत खालच्या कुत्रीला पाणी ठेवण्यावरून सभा बोलावली जाते, तेव्हा ही परंपरा नेमकी कोणाच्या घरी राहते, असा प्रश्न पडतो.

आणि कितीही स्थळं जमवली तरी हे गणित घरं शोधून सुटणारं नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोनतीनदा विते. एका वेताची पिल्लं देऊन होईपर्यंत पुढचं वेत दारात असतं. म्हणून आमच्यात सगळ्यांत कामाचा माणूस म्हणजे रिकामा पिंजरा आणि सुकटीचा तुकडा घेऊन रात्री पार्किंगमध्ये बसणारा. तो भाटी धरतो, ऑपरेशनला नेतो, टाके सुकेपर्यंत ठेवतो आणि परत सोडतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही, कारण त्यात गोंडस काही नसतं. जी पिल्लं जन्मलीच नाहीत, त्यांचा फोटो काढणार कसा?

तेव्हा वाचकांना सांगायचं ते इतकंच. कुत्रं किंवा मांजर आणायचं मनात असेल तर आधी घरातल्या सर्वांत नाराज माणसाशी बोला. तो ‘हो’ म्हणाला तर पुढे या. पिल्लूच हवं असा हट्ट धरू नका. मोठ्या, शांत झालेल्या, दोनदा नाकारल्या गेलेल्या जनावराकडेही एकदा बघा, त्याच्या सवयी निदान आधी कळतात. सांभाळणं जमणार नसेल तर आपल्या गल्लीतल्या एका मांजरीच्या किंवा कुत्रीच्या नसबंदीचा खर्च उचला. आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते दारात पिल्लू येण्याआधीच द्या. विचार करून दिलेल्या नकाराबद्दल आम्ही कधीही वाईट वाटून घेत नाही. त्या नकारानंही एक जनावर मासळी बाजारात जायचं वाचलेलं असतं.