गाडी 'पार्क'मध्ये होती

वसमतच्या बाजारात हळदीला चांगला भाव मिळाला, त्या वर्षी माझ्या चुलतभावानं, दादानं, एक वापरलेली परदेशी एसयूव्ही घेतली. चारही चाकांना ताकद देणारी, ऑटोमॅटिक गिअरची. शिरड शहापुरात मल्लिनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे अशा गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. एअरबॅगा, जाड पत्रा आणि रुंद टायर पाहून घरचे सगळे निर्धास्त झाले होते. इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे आणि दाते गाडीच्या पोटाखाली असतात. त्यांचा विचार कुणाच्याच मनात नव्हता.

गाडी मात्र आधीपासून इशारा देत होती. रिव्हर्समधून ड्राइव्हला टाकली की खालून 'टक्' असा आवाज यायचा. पुढं पुढं पाय दाबल्यावर हलका धक्काही बसू लागला. दादानं वर्कशॉपमध्ये हे तोंडी सांगितलं. मोठ्या गाडीत एवढं चालायचंच, असं उत्तर मिळालं. जॉब कार्डवर ऑइल आणि फिल्टर बदलल्याची नोंद झाली, आवाजाची झाली नाही. डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नव्हता, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

उसाचा हंगाम होता. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आम्ही संध्याकाळी परत येत होतो. मी पुढं दादाशेजारी, मागं काकू आणि दादाची दोन मुलं. शिरड शहापूर जवळ आलं होतं. चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडायला दादानं पाय दाबला. इंजिन एकदम ओरडलं, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी जागच्या जागी ढिली पडली. समोरून दिवे येत होते. दादानं ब्रेक लावून ती कशीबशी ट्रॉलीच्या मागं घेतली आणि बाजूच्या मुरमावर उभी केली.

इंजिन चालू होतं, म्हणून स्टिअरिंग हलकं राहिलं आणि ब्रेकही लागले. गाडी धावत असतानाच कुणी घाबरून इंजिन बंद केलं असतं, तर स्टिअरिंग जड झालं असतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपली असती. अशा वेळी इंजिन चालूच ठेवायचं, धोक्याचे दिवे लावायचे आणि गाडी कडेला थांबेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

खरा धोका त्यानंतर समोर आला. दादानं गिअर 'पार्क'ला टाकला, इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. काकूंनी दार उघडून एक पाय जमिनीवर टेकवला, तोच गाडी मागं सरकू लागली. दादा ओरडला, "अरे, पार्कला आहे ना!" मी हँडब्रेकचं बटण ओढलं, तेव्हा चाकं धरली गेली. मागून दुसरा ट्रॅक्टर येतच होता. काकूंना आणि मुलांना रस्त्यापासून दूर नेलं, मागं झाडाची फांदी टाकली आणि चाकांमागं दगड लावले.

गावातून आलेल्या मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, पार्क म्हणजे गिअरबॉक्समधली एक खिट्टी. ती गिअरबॉक्सच्या दांड्याला अडवते, चाकाला नाही." दांड्यापासून चाकापर्यंतची साखळी मधेच तुटली, तर खिट्टी कुणाला अडवणार? आमच्या गाडीत गिअरबॉक्स आणि ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी ट्रान्स्फर केस यांना जोडणारे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. त्यामुळं चाकांची ताकदही गेली आणि पार्कची पकडही. गाडी ओढून न्यायला एक ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन तयार होता, पण मिस्त्रींनी त्याला थांबवलं. चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकं घासत ओढली तर उरलेले भागही मोडू शकतात. शेवटी नांदेडहून सपाट तळाची गाडी मागवली आणि तिच्यावर चढवून नेली.

असा बिघाड जुन्या वापरलेल्या गाड्यांपुरता नाही. अमेरिकेत फोर्डनं 2022 मध्ये एक्सप्लोरर या एसयूव्हीच्या अडीच लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, आणि त्या 2020 ते 2022 सालच्या, म्हणजे नव्याच होत्या. मागच्या अॅक्सलचा एक बोल्ट तुटण्याची शक्यता होती. तो तुटला की शाफ्ट सुटू शकायचा, आणि हँडब्रेक लावलेला नसेल तर पार्कमधली गाडीही घरंगळू शकायची.

आमच्याकडं वर्कशॉपनं हा प्रकार नेहमीच्या झिजेत बसवला. आवाजाची लेखी नोंद नसल्यानं दादाकडं दाखवायला काहीच नव्हतं. लेखी पुरावा असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं माणूस राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं जाता येतं. म्हणजे आपल्याला हिंगोलीतच दाद मागता येते, फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून सक्तीनं परत बोलावण्याचा नियमही लागू आहे. त्यासाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर मालकांनी तक्रारी नोंदवायच्या असतात.

आता आमच्या घरात गाडी थांबली की आधी हँडब्रेक, मग पार्क, हा क्रम मुलांनाही पाठ आहे. चढ-उतारावर हँडब्रेक लागल्याशिवाय कुणी दार उघडत नाही. खालून नवा आवाज आला, तर तो जॉब कार्डवर आमच्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय आम्ही किल्ली देत नाही. सक्तीनं गाडी परत बोलवायची की नाही, हे त्या नियमानुसार तशा किती गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांच्या किती मालकांनी तक्रार केली यावर ठरतं. महागड्या गाड्या मुळातच थोड्या खपतात, म्हणून त्यांच्या बाबतीत एकेका तक्रारीला वजन असतं. शिरड शहापुरातून गेलेली तक्रारही त्या मोजणीत धरली जाते. तेवढ्यासाठी तरी ती नोंदवायलाच हवी.