ओहोटीचे गाव

समुद्रकाठचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू, माडांची रांग आणि फेसाळत्या लाटा उभ्या राहतात. दक्षिण कोरियातल्या बोल्ग्योजवळच्या ज्या लहानशा गावी मी दोन दिवस राहून आले, तिथे यांतले काहीही नाही. वाळू नाही, माड नाहीत आणि दिवसातून दोनदा तर समुद्रही नाही! ओहोटी लागली की पाणी पार दूर निघून जाते आणि मागे उरतो तो नजर पोचेल तिथवर पसरलेला करडा, चकचकीत चिखल.

माझी मुलगी नोकरीनिमित्त सोलला असते. 2023 च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले. राजवाडे, बाजार सगळे पाहून झाल्यावर म्हटले, "आता एखादं खेडं दाखव बाई!" ती हसून म्हणाली, "दाखवीन, पण तिथे नुसता चिखल आहे हं, आई." माझे माहेर कोकणातले. चिखलाचे भय मला ते काय?

सोलहून आगगाडीने सुनचॉन आणि तिथून बसने बोल्ग्यो. गावात आम्ही उतरलो ते पंचाहत्तरी उलटलेल्या एका आजीबाईंच्या घरी. तिकडे आजीला 'हालमोनी' म्हणतात; मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचे कॅलेंडर होते, पण त्यांचे सारे गणित चालायचे चंद्रावर. मोठ्या भरतीचे दिवस म्हणजे 'सारी' आणि लहान भरतीचे म्हणजे 'चोगम', असे त्यांनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. आमच्या कोळणी तरी दुसरे काय म्हणतात? उधाण आणि भांग!

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इंचॉनपाशी, समुद्राचे पाणी 9 मीटरपर्यंत चढते-उतरते. म्हणजे जवळजवळ तीन मजली घराएवढे. या दक्षिण किनाऱ्यावर उतार त्याहून कमी. परंतु तळ असा सपाट, की पाणी थोडे हटले तरी दूरवरचा चिखल उघडा पडतो. या चिखलाला ते 'गेटबोल' म्हणतात.

सकाळी ओहोटीला हालमोनी आणि त्यांच्या शेजारणी निघाल्या. कडाक्याची थंडी. प्रत्येकीजवळ माणसाच्या उंचीहून लांब, पुढच्या टोकाला किंचित वर वळलेली लाकडी फळी. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा आणि फळीवर टोपले ठेवून सरसर पुढे जायचे. उभे राहून चालू म्हटले तर मांडीपर्यंत रुतायला होते, पण फळीवरच्या या म्हाताऱ्या पाण्यावरच्या बदकांसारख्या निघून गेल्या. काठावर उभ्या राहून आम्ही पाहत होतो, तो त्यांचे फक्त ठिपके उरले.

त्या शोधत होत्या ते क्कोमाक. आपल्या तिसऱ्यांचेच भाऊबंद. शिंपल्यावर ठसठशीत रेघा आणि आतला रस रक्तासारखा लाल. याच किनाऱ्यावरच्या घरांतून पितरांच्या पूजेच्या ताटात ते ठेवण्याची चाल आहे. रात्री हालमोनींनी ते उकळत्या पाण्यात घातले आणि डाव एकाच दिशेने फिरवू लागल्या. "उलटा फिरवायचा नाही," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूला फिरवला म्हणजे मांस एकाच शिंपलीला चिकटून राहतं." मग वरची शिंपली काढून मसाला घातला. ताट पुढे आले आणि मी थक्क झाले. ही तर आमची एकशिपी!

जेवताना मी त्यांच्या मुलीची चौकशी केली. ती सोलमध्ये एका कचेरीत काम करते. "तिला फळी चालवता येते?" असे मी विचारले. माझ्या मुलीने त्यांचे उत्तर मला मराठीत सांगितले: "मी मुद्दामच शिकवली नाही. तिनं चिखलात उतरू नये म्हणून तर मी उतरत होते."

त्यावर मला काही बोलता आले नाही.

या चिखलाची किंमत जगाला उशिराने कळली. माझे विमान ज्या इंचॉनच्या विमानतळावर उतरले, तो 2001 साली सुरू झाला. दोन बेटांमधला असाच चिखल भरून तो उभारलेला आहे. सेमांगमला तर 33 किलोमीटरहून लांब बांध घालण्यात आला. 2006 साली त्याने समुद्राची वाट अडवली, आणि दूरच्या प्रवासात तिथे चरायला उतरणारे हजारो पाणपक्षी त्या अन्नाला मुकले. मुंबईत राहणाऱ्या मी याबद्दल कुणाला नावे ठेवावीत? आमचे शहरही भरावावरच वाढले. बोल्ग्योचा चिखल मात्र वाचला. 2021 साली युनेस्कोने कोरियातल्या चार ठिकाणच्या गेटबोलांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत बोसाँग आणि सुनचॉनचा हा किनाराही आहे.

चिखलाला वारसा म्हणून मान मिळाला, पण फळीला वारस कुठे आहे? त्या सकाळी निघालेल्या बायकांत साठीच्या आतली मला एकही दिसली नाही. ज्या चिखलाने पोरींना शिकवले, त्यानेच त्यांना दूर पाठवले. हालमोनींना याची खंत वाटते का, हे विचारायचे माझ्या जिभेवर आले होते. पण माझीही लेक समोरच बसली होती, आणि तिला तरी मी माझ्या आईची कोणती विद्या दिली होती? शिक, मोठी हो, या गडबडीत बाकीचे मीही मुद्दामच बाजूला ठेवले होते. हालमोनींना काय किंवा मला काय, पुन्हा आई होण्याची पाळी आली तर आम्ही हेच करू.

निघताना हालमोनींनी क्कोमाकची जाळीची पिशवी आमच्या हाती दिली. गाडी सुटल्यावर मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, "आई, आजी तिसऱ्या विळीवर कशा उघडायची ग?"

सोल येईपर्यंत मी तिला तेच सांगत होते.