पेरणीच्या दिवसांतले शुभवर्तमान

कॅथलिक माणूस बायबल वाचतो त्याहून अधिक ऐकतो. नांदेड आणि लातूर हे जिल्हे 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. कीर्तनकार निरूपणाचा अभंग स्वतः निवडतो. रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, या धर्मप्रांतातल्या धर्मगुरूला ती मोकळीक नाही. वाचने ठरलेली असतात आणि रोमला जी, तीच लातूरला. एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, मग लूक, असा शुभवर्तमानांचा तीन वर्षांचा फेरा. योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात.

मत्तयाच्या वर्षी जुलैच्या मध्यावर येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला येतो. त्याआधी यशयाचे वाचन: आभाळातून उतरलेला पाऊस जमीन भिजवल्याशिवाय माघारी जात नाही. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन-तुरीचे कोंब वर आलेले असतात, नाहीतर पावसाने ओढ दिल्याने दुबार पेरणीचा घोर लागलेला असतो. वाचने ठरवणाऱ्यांनी इथले पर्जन्यमान काही पाहिले नव्हते, पण योग असा जुळतो.

अर्थ लावताना मात्र सुरुवात शब्दार्थापासूनच. तिफणीने पेरणाऱ्याला प्रश्न पडणारच, की वाटेवर आणि खडकावर बी सांडणारा हा कसला शेतकरी? गालीलात बी मुठीने फोकत, हे कळले की दाखला उलगडतो. मग त्या शब्दार्थावर श्रद्धेचा, आचरणाचा आणि अंतिम आशेचा असे आणखी तीन अर्थ उभे राहतात. ही चौपदरी रीत मध्ययुगापासूनची. इतिहास, काव्य, दाखला हे लेखनप्रकार ओळखून वाचा, असे पोप बारावे पायस यांनी 1943 साली बजावले. शास्त्र, परंपरा आणि चर्चची अधिकृत शिकवण एकमेकांवाचून उभी राहत नाहीत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी मांडले. चर्चची ही शिकवण वचनाच्या वर नसून त्याची सेवक आहे, हेही तिथेच नोंदले आहे. चर्चच्या अधिकाराचे टीकाकार नेमके तेवढे विसरतात.

एकट्याने वाचायला बंदी नाही, पण लोकभाषेतल्या कॅथलिक आवृत्तीला टिपा हव्यात, असा चर्चचा कायदा आहे. कॅथलिक बायबलात पुस्तकेही 73, प्रॉटेस्टंट बायबलात 66. तोबीत, यहुदीथ, मक्काबी यांसह ही यादी त्रेंत परिषदेने 1546 साली पक्की केली.

मराठीत टिपांसह बायबल देण्याचे काम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मध्ये केले. त्याला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020 साली लातूरशेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या धर्मगुरूकडे होते.