खालच्या गावाचा रकाना

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालं तेव्हा मी पाटोदा तालुक्यात कृषी सहायक होतो. शिवारफेरी काढायची, ओढे-नाले पायी पाहायचे, कामं सुचवायची आणि पाण्याचा ताळेबंद भरायचा: पाऊस किती, अपधाव किती, अडलेलं पाणी किती, माणसं-जनावरं-पिकांना लागणार किती. जमाखर्च बसला की गाव आराखडा ग्रामसभेपुढे. कागद वाईट नव्हता. त्याआधी शिवारातलं पाणी मोजत होतं कोण?

एका फेरीत नाल्याच्या काठावर एक बाबा म्हणाले, "साहेब, आपुन समदं अडवलं तर खालच्यांनी काय करायचं?" लोक हसले. सरपंच म्हणाले, "बाबा, त्यांचा आराखडा येगळा असतो." अडचण नेमकी तीच होती. मांजरा उगवते आमच्याच तालुक्यात, गवळवाडीजवळ. पुढे केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्याच्यावर अवलंबून. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमच्या नाला बांधांमुळे ते झालं असं मी म्हणणार नाही, पाऊसच नव्हता. पण वरच्या सगळ्या गावांनी नाले अडवले तर धरणाचा येवा किती घटेल, हे आमच्या कागदात कुठेच विचारलेलं नव्हतं.

मग एका ओढ्यावरच्या गावांचे आराखडे मी शेजारी शेजारी मांडले. वरच्या गावानं जे पाणी अडलेलं दाखवलं, तेच खालच्यानं येणार म्हणून धरलेलं. बैठकीत सांगितलं. उत्तर आलं, "उद्दिष्ट गावनिहाय आहे." खरंच होतं ते, वर्षाला पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची होती.

उसाचंही तसंच. आम्ही उभ्या पिकाचं पाणी धरायचो. पाणी अडलं की ऊस वाढणार हे पारावरही ठाऊक, पण साखर कारखान्यांचा विषय दुसऱ्या खात्याचा. आणि नाला खोलीकरणाचा पोकलेन तर कुणाचं ऐकत नव्हता. आमच्या खडकात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात. काही नाल्यांत तोच उपसला गेला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा खोलीकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती बसली. तोवर नाले खोदून झाले होते. अभियानावर साडेनऊ हजार कोटींवर खर्च होऊनही भूजल वाढण्यावर फारसा परिणाम नाही, असं कॅगनं २०२० मध्ये लिहिलं.

हे सगळं आधीच का तपासलं गेलं नाही? २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना प्रकल्पाला लागते. मोठं धरण बांधायचं तर अहवाल, जनसुनावणी, परवानगी. हजारो बांधांचं धोरण आखायचं तर यातलं काहीच नाही. युरोपात २००१ च्या निर्देशानंतर योजना-कार्यक्रमांचीही अशी तपासणी मंजुरीआधी होते. आपल्याकडे सुरुवात शून्यातून करायची नाही; भूजल यंत्रणेनं राज्याचे दीड हजारांवर पाणलोट आखून ठेवलेत. शासन निर्णय निघण्याआधी गावाऐवजी पाणलोटाचा ताळेबंद भरावा, त्यात धरणाचा येवा आणि वाढणारा ऊस धरावा, आणि सुनावणी आधी खालच्या गावात घ्यावी.