सालीखालचं वर्ष

राहात्याच्या पेरूबागांत जुन्या झाडाच्या बेचक्यात तपकिरी जाळी लोंबताना दिसली, की बागवान ओळखतो, अळी लागली. ही जाळी कोळ्याची नव्हे. कुरतडलेल्या सालीचा भुसा, लेंड्या आणि स्वतःच्या तोंडातला रेशमी धागा यांतून अळीने बांधलेली ती छप्पर घातलेली वाट असते. एका टोकाला खोडातलं बीळ, दुसऱ्या टोकाला जिवंत साल. दिवस बिळात जातो. रात्री त्या छपराखालून चरायला निघायचं आणि उजाडायच्या आत परतायचं.

शास्त्रात हिला इंडरबेला म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात आणि मग नऊ-दहा महिने फक्त खाणं! बाहेर मृग बहर धरतो, हिवाळ्यात फळांच्या पाट्या भरून बाजारात जातात, झाडं ताणावर सोडली जातात. आतलं काम थांबत नाही. पानांनी शिजवलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं, आणि नेमकी तीच वाट ती तोडते. फांदी वाळते, लहान झाड तर उभंच जळतं. त्या झाडाची मला फार कणव येते. तरीही या किड्याकडे नुसता शत्रू म्हणून बघणं मला जमत नाही.

कारण एप्रिल-मेच्या उन्हात बिळातच कोष होतो आणि तीन-चार आठवड्यांनी फिकट करड्या पंखांचा पतंग बाहेर येतो, तो जेवायला येतच नाही. अन्न शोषणारी सोंडच त्याला उरलेली नसते. जोडीदार शोधणं, अंडी घालणं, थोड्या दिवसांचं सारं उडणं, हे सगळं वर्षभराच्या अंधारातल्या कमाईवर. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या खोडात वाढणारा याचा एक दूरचा नातलग जगातला सर्वांत वजनदार पतंग मानला जातो. मादी 30 ग्रॅमपर्यंत भरते. तोही पंख फुटल्यावर उपाशीच.

बागेतला इलाज जुनाच आहे. जाळी झाडून काढायची, भोकात तार घालायची, पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपायचा. जाळीत ताजा भुसा असला तर अळी आत आहे. पण भोकाच्या तोंडाशी कोषाचं रिकामं टरफल अडकलेलं दिसलं, तर तार ठेवून द्यावी आणि आसपासच्या झाडांच्या भेगा बघायला लागावं.