ऋतूपुरता एक नियम



फाल्गुनातलं अष्टान्हिका पर्व पौर्णिमेला संपलं की आपल्या स्वयंपाकघराचं वेळापत्रक बदलतं. थंडीत सात दिवस चालणारं पीठ आता पाचच दिवस चालतं, म्हणून दळण थोडं आणि वरचेवर टाकावं लागतं. पिठाच्या मर्यादेसाठी वर्षाचे तीनच भाग केलेले आहेत. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. वसंताला त्यात वेगळी जागा नाही. आपल्या नांदेड-लातूरकडे तसा तो असतोच किती? किनवटच्या रानात पळस फुलला म्हणेपर्यंत इकडे दुपारचे रस्ते ओस पडायला लागतात, आणि एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो.

म्हणजे ऊन तापायच्या आधी शरीराला वळण लावायला मोजके आठवडे मिळतात. या दिवसांत कोणत्या चांगल्या सवयी लावाव्यात, असं मला मैत्रिणी विचारतात. माझं म्हणणं असं, की दहा सवयींच्या मागे लागू नका. एकच घ्या, आणि ती सूर्यास्ताआधी जेवण्याची घ्या. कारण या ऋतूत ती सगळ्यात सोपी जाते.

नोव्हेंबरच्या शेवटी नांदेडात पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो. दुकान, शाळा, ऑफिस सांभाळणाऱ्या घराला तेव्हा उजेडात जेवणं फार अवघड जातं. मार्चच्या अखेरीला तोच सूर्य साडेसहापर्यंत थांबतो. लातूर थोडं पश्चिमेला, तिथे आणखी दोन-तीन मिनिटं मिळतात. पाऊण तास आपल्याला आयताच मिळालेला असतो. ज्यांना दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपायचं असतं, त्यांनाही आता पावणेसहापर्यंत वेळ मिळतो.

आयुर्वेद सांगतो की थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून या दिवसांत जड, तेलकट, गोड कमी खावं, दुपारी झोपू नये, अंगमेहनत करावी. प्यायला सुंठीचं पाणी सांगितलं आहे, तसंच मधाचंही. मध आपल्याला वर्ज्य, तेव्हा सुंठीचं पाणी आपलं. एक तांब्या पाण्यात चिमूटभर सुंठ टाकून उकळायचं आणि दिवसभर थोडं थोडं प्यायचं.

संध्याकाळच्या ताटाला फार काही लागत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडका किंवा दुधी. कधी ज्वारीच्या पिठाची आंबील. आपल्याकडे पीठ रात्रभर आंबवत नाहीत, म्हणून मी पीठ पाण्यात शिजवून घेते आणि गार झाल्यावर त्यात त्याच दिवशीचं ताजं ताक, जिरं, मीठ घालते. ज्वारी द्विदल नाही, त्यामुळे ताकाबरोबर चालते. बेसन लावलेली कढी मात्र चालत नाही. दुकानातल्या माणसांचा डबा साडेपाचला निघाला पाहिजे. त्यासाठी दुपारचं जेवण अकराच्या सुमाराला करायचं, म्हणजे साडेपाचला खरी भूक लागते. पहिला आठवडा जड जातो. रात्री नऊला हात डब्यांकडे जातो. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर पोट हलकं वाटतं, पहाटेच्या गारव्यात मंदिरापर्यंत चालत जावंसं वाटतं. चालण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही, ती मागोमाग येते.

आता मुख्य अडचण. नियम म्हटलं की बायका घाबरतात. एकदा घेतला की जन्मभराचा, आणि मोडला तर? आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याचं सरळ उत्तर आहे. तिथे त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. जन्मभरासाठी घेतलेला तो यम, आणि ठरावीक काळापुरता तो नियम. तो काळ किती असावा, हेही दिलं आहे. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू किंवा अयन. ऋतू म्हणजे दोन महिने. चैत्र-वैशाखापुरता नियम घेतला तर त्यात कमीपणा नाही, शास्त्रानेच ती सोय ठेवली आहे.

आमच्या घरात दोन्ही आहेत. सासूबाईंनी कुंथलगिरीला रात्रीभोजनाचा जन्मभरासाठी त्याग केला, त्याला तीस वर्षं झाली. मुलगी लातूरला असते, नीटच्या तयारीसाठी. परीक्षा मेच्या सुरुवातीला, म्हणजे सगळा वसंत तिचा अभ्यासात जाणार. मेसचं जेवण रात्री साडेआठला. यंदा तिनेच फोनवर विचारलं, "आई, पाडव्यापासून परीक्षेपर्यंत मी रात्रीचं जेवण सोडू का?" मला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. बारापर्यंत जागणारी पोर, सहाला जेवून कशी राहील?

शेवटी आम्ही दोघींनी बसून नियमाची हद्द ठरवली. पाणी रात्रीही मोकळं. आठवड्यातले तीन दिवस क्लास साडेसातपर्यंत असतो, ते दिवस सुरुवातीलाच वगळले. उरलेल्या चार दिवशी मेसच्या मावशी सहाला पोळी-भाजी देतात. वर दुपारी चारला फुटाणे आणि केळ. आणि अंगात त्राण नाही असं वाटलं, तर त्या रात्री दूध प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी णमोकार म्हणून पुन्हा सुरुवात करायची.

हे शेवटचं सासूबाईंना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "नियमाला खिडकी ठेवली की वारा येणारच." मी त्यांचं ऐकून घेतलं, पण खिडकी बंद केली नाही. ज्या मुलीने स्वतःहून विचारलं, तिला हा नियम परीक्षेइतकाच ओझं वाटू लागला, तर पुढे ती कधीच विचारणार नाही. सध्या ती सांगते की जेवणानंतर सात ते नऊ डोळ्यावर झापड येत नाही. दोन रात्री दूध प्यायली, तेही तिने स्वतःच सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी लाह्यांचा डबा भरून ठेवला.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्या रात्री पाणीही सोडतात, त्यांनी उन्हाळ्यात दिवसा पाणी पुरेसं प्यायलंच पाहिजे.

पाण्यावरून आठवलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हाही चैत्रच होता. आपण दुहेरी कापडाने पाणी गाळतो आणि जिवाणी जिथलं पाणी तिथे परत सोडतो, म्हणजे आपलं पाणी कुठून येतं हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. नांदेडला विष्णुपुरीतून, गोदावरीचं. लातूरला मांजरा धरणातून. गाळलेलं पाणी ४८ मिनिटंच चालतं, म्हणून लागेल तेवढंच गाळायचं. या ऋतूत पेल्यात अर्धं पाणी टाकून उठायचं नाही, एवढं मुलांना शिकवलं तरी पुष्कळ झालं.

वैशाखात अक्षय्य तृतीया येते. हस्तिनापूरला राजा श्रेयांसाने भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला, तो हा दिवस. तेव्हा आपल्याकडे गावोगावी रसवंत्या लागलेल्या असतात. घरचा स्वच्छ पेला घेऊन जा, बर्फ घालू देऊ नका आणि दिवसाउजेडी रस प्या. पाडव्याला नियम घेतलात, तर तोवर एक महिना पूर्ण झालेला असेल. पुढचा महिना करायचा की नाही, ते त्या दिवशी रस पिऊन झाल्यावर ठरवा.