अम्माच्या सुया

अम्माच्या हाताला सुई लावायला डॉक्टरबाईंना जागाच मिळेना. हात थांबतच नव्हते. नसलेलं तेंदूचं पान डाव्या हातात धरायचं, नसलेली तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, बाजूला ठेवायचं. पुन्हा पान. सोलापुरात तीस-पस्तीस वर्षं अम्माने विड्या वळल्या, दिवसाला हजारभर. त्या विड्यांवर आम्ही तिघं भावंडं शिकलो, मी बी.एड. झालो. आता तिला माझं नाव आठवत नाही, बोटांना मात्र विडी आठवते. डॉक्टरबाई थोडा वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. हातांना त्यांचं काम करू दे, आपण पायाला लावू."

अम्माला चार वर्षांपूर्वी सौम्य झटका आला होता, त्यानंतर आणखी दोन. मेंदूकडे जाणारं रक्त अडत गेलं आणि विसरणं वाढत गेलं. मराठीत याला स्मृतिभ्रंश म्हणतात, उर्दूत निस्यान. वर्गात मी मुलांना सांगत असे की 'इन्सान' या शब्दाचं मूळ काही जुन्या कोशकारांनी निस्यानमध्ये शोधलं, म्हणजे विसरणारा तो माणूस. आणि काहींनी 'उन्स'मध्ये, म्हणजे जवळीक लावणारा तो माणूस. मुलांना ही गंमत आवडते. घरी अम्मा माझ्या बायकोला "आपा" म्हणून हाक मारायला लागली आणि "पान भिगाए क्या?" असं विचारायला लागली, तेव्हापासून मला ती तितकीशी गंमत वाटत नाही. देशात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारात आहेत असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आमच्या गल्लीतच तीन घरं आहेत. तिथे त्याला 'सठियाना' म्हणतात आणि विषय संपवतात.

सल्ले देणारे पुष्कळ. कुणी दम केलेलं पाणी आणून दिलं, ते आम्ही पाजलं. पाण्याने काही बिघडत नाही. खाला म्हणाली, हिजामा करा. शाळेतल्या एका सहकाऱ्याने ॲक्युपंक्चर सुचवलं आणि खालाला दोन्ही एकच वाटलं. एक नव्हे. हिजाम्यात कातडीला बारीक छेद देऊन वाटीने रक्त ओढतात. ॲक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते. तिच्यातून औषध जात नाही, रक्त काढायचं नसतं. अम्माला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे हिजाम्याला मेंदूच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. ॲक्युपंक्चरबद्दल ते म्हणाले, "करून बघा. पण सुई लावणाऱ्यांना या गोळ्यांबद्दल आधी सांगा, सुया नव्या पाकिटातल्या असू द्या आणि माझी एकही गोळी बंद करू नका. आठवण परत येईल ही आशा ठेवून मात्र जाऊ नका."

मी ती आशा ठेवूनच गेलो. सोलापूरच्या माणसाला या सुयांबद्दल थोडा जिव्हाळाही असतो. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि त्यांनी ती इथे रुजवली. पण जिव्हाळा म्हणजे पुरावा नव्हे. अम्माला ज्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे, त्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, हे कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये तपासलं होतं. उपचारांची नीट चाचणी झाली आहे की नाही हे पाहणं हेच त्यांचं काम. त्यांच्या निकषांत बसणारा एकही प्रयोग त्यांना सापडला नाही. म्हणजे 'उपयोग होत नाही' हे सिद्ध झालं असं नाही. 'होतो' म्हणायला आधार नव्हता. हे मी तीन बैठकांचे पैसे भरून झाल्यावर वाचलं.

डॉक्टरबाईंनी स्वतःही खोटं काही सांगितलं नव्हतं. झोप, बेचैनी, गुडघेदुखी, एवढ्यावर प्रयत्न करू म्हणाल्या. गुडघ्याखाली चार बोटांवर एक सुई, घोट्याजवळ एक, टाळूच्या मध्यावर एक. वीस मिनिटं. पहिल्या दोन वेळा अम्मा शांत पडून राहिली. तिसऱ्या वेळी तिने डोक्यावर हात फिरवला, सुई हाताला लागली आणि ती किंचाळली, "कौन काट रा मेरे को?" सुई उपटून फेकली. उठून दाराकडे धावली, पायातल्या सुया तशाच. बायकोने तिला मिठीत धरलं, डॉक्टरबाईंनी सुया काढल्या. मी कोपऱ्यात पिशवी धरून उभा होतो.

"यांना नको आता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्यांना सुई का लावली हे कळत नाही, त्यांच्यासाठी ही नुसती भीती आहे." मग बायकोकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही रात्री किती वेळ झोपता?"

बायको रडायलाच लागली.

वर्गातल्या चाळीस मुलांची हजेरी मी रोज घेतो. एकाच छताखाली राहून हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. "अम्मा को मैं देखती, तुम जाव इस्कूल," हे तिचं वाक्य मी सोयीने खरं मानलं होतं. अम्मा रात्री पाच-सहा वेळा उठायची, दाराची कडी काढायची. मी दुसऱ्या खोलीत झोपायचो, कारण सकाळी शाळा.

मग मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी बायको सुया लावून घ्यायला जाऊ लागली, आणि त्या दोन संध्याकाळी अम्माजवळ मी. पहिल्याच मंगळवारी तिने मला "अब्बा आए क्या?" हे किती वेळा विचारलं, ते मोजणं मी सोडून दिलं. साबणाची वडी तांदळाच्या डब्यात सापडली. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडलो. आईबापाला 'उफ्'देखील म्हणू नये, हे मी दरवर्षी मुलांना समजावून सांगतो. माझ्या तोंडून त्याहून बरंच काही निघालं. अम्मा घाबरून गादीच्या टोकाला जाऊन बसली.

बायको आठवड्यात दोन रात्री तरी सलग झोपू लागली, मानेचं दुखणंही कमी झालं. हे सुयांनी झालं की दार लावून अर्धा तास कुणी हाक न मारता पडून राहायला मिळाल्याने, कुणास ठाऊक. मी विचारलं तर म्हणाली, "वहां कोई मेरे कू पूछता, कैसी है."

जुम्याच्या बयानात आईच्या पायाखालच्या जन्नतविषयी आपण पुष्कळ ऐकतो, आणि घरी येऊन ती जन्नत बायकोच्या हातांनी कमावतो. मी आमच्या मौलानांना सरळ विचारलं. ते म्हणाले, सासूची सेवा सुनेवर शरियतने बंधनकारक केलेली नाही. ती करते तो तिचा एहसान, फर्ज मुलांचा. हे मी भावाला आणि बहिणीला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि आपली बाजू झाली असं समजायचा, माझ्यासारखंच. आता तो महिन्यातून दोन दिवस येऊन राहतो. बहीण उन्हाळ्यात पंधरा दिवस आली होती. यावर भांडणं झाली, अजून होतात.

दहा बैठका झाल्यावर सुया थांबवल्या, पैशाचाही प्रश्न होता. मंगळवार-शुक्रवार मात्र चालू ठेवले. बायको मैत्रिणीकडे जाते, कधी नुसती वरच्या खोलीत दार लावून झोपते. मी जुन्या उत्तरपत्रिकांचे पानाएवढे तुकडे कापून अम्मापुढे सुपात ठेवतो. ती वळते, पंचवीस झाल्या की दोरा बांधून बंडल बाजूला सारते; मोजणी अजून चुकत नाही. मागच्या शुक्रवारी मीही तिच्या शेजारी बसून वळायला लागलो. तिने माझी विडी उचलली, बोटांनी दाबून पाहिली आणि परत माझ्यापुढे टाकली.

"ढिली है," म्हणाली. "फिर से कर."